बग्गी, ट्रगी की मॉन्स्टर ट्रक? इंजिनवर धावणाऱ्या रिमोटच्या गाड्यांचे प्रकार आणि आकार

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत, गल्लीत रिमोटची गाडी पळवणारी मुलं दिसली, तर ती गाडी बहुतेक वेळा बॅटरीवरची असते. चार्ज करा, पळवा, संपली की पुन्हा चार्जिंगला लावा. पण रिमोटच्या गाड्यांची एक जात अशीही आहे, जिच्यात खरंखुरं इंजिन असतं. पिस्टन, कार्ब्युरेटर, क्लच, सायलेन्सर, सगळं. धूर निघतो, आवाज होतो आणि माती उडवत ती ताशी ६०-७० किलोमीटरचा वेग सहज गाठते.

यूट्यूबवर असे व्हिडिओ पाहून गाडी मागवण्याचा मोह अनेकांना होतो. इथेच घोळ होतो. गाडी कुरिअरने घरी येते, तिचं इंधन येत नाही. त्यामुळे कोणता आकार घ्यायचा हा प्रश्न खरं तर दोन प्रश्नांचा आहे: इंधन कोणतं मिळणार आणि गाडी कुठे पळवणार?

१/८ हा आकडा नेमकं काय सांगतो?

या आकड्याला स्केल म्हणतात. खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाएवढं मॉडेल म्हणजे १/८. इंधनावरच्या ऑफ-रोड गाड्या मुख्यतः १/१०, १/८ आणि १/५ या तीन स्केलमध्ये येतात.

मात्र हा आकडा फसवा आहे. या गाड्या सहसा कुठल्याही खऱ्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती नसतात. १/८ बग्गी साधारण ४९ सेंटीमीटर लांब आणि ३१ सेंटीमीटर रुंद असते. ट्रॅक्सस कंपनीचा टी-मॅक्स हा मॉन्स्टर ट्रक १/१० म्हणून विकला गेला, पण तो या बग्गीपेक्षा लांब आणि बराच रुंद आहे. म्हणून खोक्यावरचं स्केल बघण्यापेक्षा लांबी, रुंदी आणि वजन बघितलेलं बरं.

इंजिनाचे आकडेही असेच कोड्यात टाकणारे. १२, १५, १८, २१, २८ असे आकडे दिसतात. ते घन इंचाचे शंभरावे भाग आहेत. एक घन इंच म्हणजे सुमारे १६.४ सीसी, म्हणजे ‘२१’चं इंजिन साधारण ३.५ सीसीचं आणि ‘२८’चं ४.६ सीसीचं. शंभर सीसीच्या दुचाकीपुढे हे काहीच नाही, पण हे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे घेतं.

कोणती गाडी कशासाठी?

बग्गी ही शर्यतीची गाडी. बुटकी, रुंद, मागे मोठा पंख. १/८ नायट्रो बग्गीच्या जागतिक स्पर्धा होतात. त्यांत इंजिनाला ३.५ सीसीची आणि टाकीला १२५ मिलीलिटरची मर्यादा असते. एवढं इंधन आठ-दहा मिनिटांत संपतं आणि अंतिम फेरी चालते तासभर. त्यामुळे चालकाइतकंच महत्त्व पिटमध्ये उभं राहून दोन-तीन सेकंदांत टाकी भरणाऱ्या साथीदाराला असतं.

बग्गीची ताकद सपाट, तयार केलेल्या मातीच्या ट्रॅकवर दिसते. सोलापूर जिल्ह्यात ज्वारी निघाल्यावर रिकामं पडलेलं रान मात्र वेगळी गोष्ट आहे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, ढेकळं असतात, वर धसकटं उभी असतात. बग्गीचं चाक ११-१२ सेंटीमीटर व्यासाचं. ते भेगेत अडकलं, की गाडी उलटते किंवा सस्पेन्शनचा आर्म तुटतो.

अशा रानासाठी मॉन्स्टर ट्रक. चाकं मोठी, पोट जमिनीपासून उंच, सस्पेन्शनला भरपूर हालचाल. ट्रॅक्सस रेव्हो, एचपीआय सॅव्हेज ही या वर्गातली गाजलेली नावं. उंचीमुळे वळणावर ते लवकर कलंडतात, पण पडून पुन्हा उठायला ते बग्गीपेक्षा तयार असतात. नवशिक्यासाठी हाच प्रकार जास्त क्षमाशील म्हणावा लागेल.

ट्रगी म्हणजे या दोघांच्या मधली गाडी: बग्गीचीच रचना, पण लांब-रुंद आणि मोठ्या चाकांची. याशिवाय १/१० मध्ये स्टेडियम ट्रक येतात. ते बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह, हलके आणि लहान इंजिनाचे असतात.

नायट्रो म्हणजे पेट्रोल नव्हे

१/१० आणि १/८ गाड्या बहुतांशी नायट्रोवर चालतात. नायट्रो इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. नायट्रोमिथेनचं प्रमाण साधारण १६ ते ३० टक्के असतं. या इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्यातली प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला दीड व्होल्टवर तापवायची. इंजिन सुरू झालं की मिथेनॉलची प्लॅटिनमशी होणारी प्रक्रिया आणि आतला दाब यांमुळे ती आपोआप लाल राहते. पेट्रोलची अशी प्रक्रिया होत नाही. म्हणून ‘नायट्रो मिळत नाही, पेट्रोल टाकून बघू’ हा प्रयोग फसतो.

खरी अडचण मिथेनॉलची आहे. ते विष आहे. थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी इथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक जणांचा बळी घेतला. महाराष्ट्रात मिथेनॉलचा व्यवहार विषविषयक नियमांखाली येतो आणि त्याला परवाना लागतो. ज्वलनशील द्रव टपालाने पाठवता येत नाही, विमानातून सामानात नेता येत नाही. त्यामुळे ‘केमिकलवाल्याकडून आणून घरी मिसळू’ हा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नये. तयार सीलबंद इंधन देणारा अधिकृत विक्रेता आधी शोधावा, गाडी नंतर. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळपास दिसत नाही, हेही लक्षात ठेवावं.

१/५: पंपावरचं इंधन

१/५ गाड्यांत २३ ते ३० सीसीच्या आसपासचं, झाडं कापायच्या करवतीला असतं तशा जातीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं. स्पार्क प्लग, दोरी ओढून स्टार्ट, आणि इंधन म्हणजे पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल. एचपीआयची बाहा ५बी ही याची प्रसिद्ध बग्गी. लांबी सुमारे ८० सेंटीमीटर, वजन दहा किलोच्या आसपास.

इंधन मिळण्याचा प्रश्न इथे सुटतो, पण नवा उभा राहतो. आता पंपांवर प्रामुख्याने २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. उसाच्या सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांना इथेनॉल काय हे सांगायला नको. छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांचे अनेक उत्पादक मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात. इथेनॉल ओलावा शोषतं आणि कार्ब्युरेटरमधले रबरी भाग खराब करू शकतं. मिसळलेलं पेट्रोल आठवडेच्या आठवडे टाकीत ठेवू नये.

रिमोट बंद पडला तर?

बॅटरीच्या गाडीची बॅटरी संपली, तर गाडी थांबते. इंधनाच्या गाडीत रिसीव्हरची छोटी बॅटरी संपली, तरी इंजिन चालूच राहतं. थ्रॉटल उघडा असताना असं झालं, तर गाडी कुणाचंच ऐकत नाही. दहा किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने कुणाच्या पायावर आदळली, तर त्या धक्क्यातली ऊर्जा ताशी १४० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या अकरापट असते.

म्हणून दोन गोष्टी हव्यातच. एक, सिग्नल तुटताच थ्रॉटल मिटून ब्रेक लावणारा फेलसेफ. दोन, वीज गेली तरी थ्रॉटल बंद करणारी स्प्रिंग. गाडी उचलून धरून, रिमोट बंद करून हे दर वेळी तपासता येतं. एक मिनिटाचं काम आहे.

गल्लीत चालेल का?

नाही. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि नायट्रो इंजिन ती सहज ओलांडतं. पेठेतल्या अरुंद बोळात पायी जाणाऱ्यांना बाजूला सरायलाही जागा नसते. गाव सोडून, जमीन मालकाला विचारून, मोकळ्या रानात जाणं हाच मार्ग. मुंबई-पुण्याकडे इंजिनिअरिंगच्या मुलांना आणखी एक वाट आहे: आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये इंजिनावर चालणाऱ्या रिमोट गाड्यांची ‘फुल थ्रॉटल’ स्पर्धा झाली आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असतो. हवा गरम म्हणजे विरळ, त्यामुळे थंडीत जुळवलेला कार्ब्युरेटर मे महिन्यात चालत नाही. सुई थोडी थोडी फिरवून पुन्हा जुळवावी लागते. इंजिनाचा माथा साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसमध्ये राहिला पाहिजे. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टरमधून आत गेली, तर पिस्टन एका दुपारीच झिजतो. फिल्टरच्या स्पंजला तेल लावायचं ते त्यासाठी. आणि घरी निघण्यापूर्वी टाकी रिकामी करून इंजिनात आफ्टर-रन ऑइलचे चार थेंब सोडायचे, नाहीतर उरलेलं मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पुढच्या रविवारी बेअरिंग गंजलेलं सापडतं.