रुपयाचे पेन्शन आणि पौंडाचा देश

लंडनच्या रंगभूमीवर १८९५ च्या फेब्रुवारीत ऑस्कर वाइल्डचे ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ हे नाटक प्रथम आले. त्यात एक शिस्तप्रिय शिक्षिका आपल्या शिष्येस अर्थशास्त्राचा पाठ नेमून देते. मात्र रुपयाच्या घसरणीचे प्रकरण कोवळ्या मनास सोसणार नाही अशा समजुतीने ते तेवढे गाळावयास सांगते. हे नाटक वर्गात वाचताना विद्यार्थी या विनोदापाशी हटकून अडखळतात. रुपयाच्या भावात हसण्याजोगे किंवा थरारण्याजोगे ते काय असावे, हे त्यांस उमगत नाही. परंतु त्या काळच्या प्रेक्षकांना ते समजावून देण्याची गरज नव्हती. हिंदुस्थानातून येणाऱ्या पेन्शनावर ज्यांची घरे चालत, अशी कुटुंबे इंग्लंडात थोडीथोडकी नव्हती. आणि रुपयाची घसरण हे त्यांच्या दृष्टीने पुस्तकातील प्रकरण नसून दर तिमाहीस घरात येणारे संकट होते.

पेन्शन म्हटले की आपण दोनच प्रश्न विचारतो: किती, आणि केव्हापासून? ते कोणत्या नाण्यात ठरले आहे आणि खर्च कोणत्या नाण्यात व्हावयाचा आहे, हा तिसरा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. कारण बहुतेकांचे कर्तेपण व म्हातारपण एकाच नाण्याच्या छत्राखाली जाते. ज्यांचे तसे जात नाही, त्यांना हा तिसरा प्रश्नच पहिल्या दोहोंहून जड जातो. त्याच्या पोटात चौथाही एक प्रश्न दडलेला असतो: नाणे घसरले तर तो तोटा कोणाच्या माथी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानने या चौथ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या पदरचे पैसे मोजून दिले. ती हकीकत आजही मनन करण्यासारखी आहे.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, व त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कोणीही टांकसाळीत चांदी न्यावी आणि तिचे रुपये पाडून आणावे, अशी मुभा होती. इंग्लंडचा पौंड मात्र सोन्याचा. सोन्याचांदीचे परस्परांशी प्रमाण जोवर स्थिर होते तोवर एका रुपयास सुमारे दोन शिलिंग, म्हणजे एका पौंडास दहा रुपये, हा हिशेब मुलासही तोंडपाठ असे. १८७१ नंतर जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारून आपली चांदी बाजारात आणली; फ्रान्स व त्याच्या जोडीच्या देशांनी १८७४ पासून चांदीची नाणी पाडण्यावर मर्यादा घातली आणि १८७८ मध्ये ते काम थांबविले; इकडे अमेरिकेतील खाणींतून नव्या चांदीचा लोंढा सुरू झाला. लंडनमध्ये १८७२ साली औंसास साठ पेन्सच्या आसपास विकणारी चांदी १८९२ मध्ये चाळिसांवर आली. रुपया तिच्यामागून गेला. १८७३-७४ साली हुंडणावळीचा सरासरी दर १ शिलिंग १०.३५ पेन्स होता. १८९२-९३ साली तो १ शिलिंग ३ पेन्सही भरेना. १८९४-९५ मध्ये तर तो १ शिलिंग १ पेन्सच्या घरात उतरला.

आता सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले तीन गृहस्थ कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. पहिला कव्हेनंटेड सिव्हिलियन, म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर किंवा जज्ज. पंचवीस वर्षांची नोकरी, तीत एकवीस वर्षे प्रत्यक्ष कामाची, एवढे झाले की त्यास वर्षास १००० पौंड मिळत. यासाठी त्याच्या पगारातून शेकडा चार कापले जात हे खरे. परंतु आकडा पौंडात लिहिलेला होता. दुसरा अनकव्हेनंटेड नोकर. शिक्षण, बांधकाम, जंगल, तार अशा खात्यांतून राबलेला हा इंग्रज गृहस्थ. त्याच्या पेन्शनाची साधारण कमाल मर्यादा वर्षास ५००० रुपये. त्याचा आकडा रुपयात. तिसरा आपल्याकडील एखादा मामलेदार अथवा हेडमास्तर, पुण्यात किंवा रत्नागिरीस घर बांधून राहिलेला. त्याचेही पेन्शन रुपयात, पण खर्चही रुपयातच. लंडनचा दर वर जावो की खाली, त्याच्या घरच्या भाजीपाल्यास त्याची वार्ता नव्हती.

खरी दैना दुसऱ्याची झाली. दोन शिलिंगांच्या दराने त्याचे ५००० रुपये म्हणजे ५०० पौंड. दर १ शिलिंग ३ पेन्सवर आला की तेच ३१२ पौंड १० शिलिंग. आणखी दोन पेन्स उतरला की २७० पौंड १६ शिलिंग ८ पेन्स. तीस वर्षे उन्हातान्हात काढलेल्या मनुष्यास, म्हातारपणी, त्याचा काहीही अपराध नसता, जवळजवळ निम्म्या उत्पन्नावर आणून सोडणारी ही घसरण होती. अशा कुटुंबांनी आपापल्या परीने तोंडमिळवणी केली. कित्येक बेडफर्डसारख्या गावी राहू लागले, कारण तेथे मुलांच्या शाळा चांगल्या असून स्वस्त होत्या; चेल्टनहॅम तर अशा हिंदुस्थानी पेन्शनरांसाठी प्रसिद्धच होते. कित्येकांनी स्वदेशी परतण्याचा बेतच सोडून निलगिरीच्या किंवा डेहराडूनच्या थंड हवेत मुक्काम केला. जेथे रुपया मिळतो तेथेच तो खर्चावा, हा त्यांतील शहाणपणा. ज्यांची शिल्लक सरकारी रुपयांच्या रोख्यांत होती, ते दर सुधारण्याची वाट पाहत राहिले. आणि वाट पाहण्यातच एकेक पेन्स गळत गेला.

त्यांची गाऱ्हाणी पार्लमेंटपर्यंत गेली. १८९० मध्ये कॉमन्स सभेच्या एका समितीने त्यांची चौकशीही केली. कालांतराने जो नियम स्थिरावला तो असा, की इंग्लंडात घेतल्या जाणाऱ्या या रुपयांच्या पेन्शनास बाजारभाव काहीही असो, निदान १ शिलिंग ९ पेन्स हा दर मिळावा. म्हणजे ५००० रुपयांचे ४३७ पौंड १० शिलिंग कायम झाले. एका वृद्ध शाळामास्तराच्या घरातील चूल पेटती राहिली, याचे कोणासही वाईट वाटू नये. पण बाजारात जो रुपया पंधरा पेन्सचा, तो एकवीस पेन्सचा धरावयाचा, तर मधले सहा पेन्स कोणी भरले?

ते हिंदुस्थानच्या तिजोरीने भरले. पहिल्या गृहस्थाचे तर सारेच तिने भरले. त्याचे १००० पौंड विलायतेत पोचविण्यास पूर्वी १०,००० रुपये लागत. १८९२-९३ साली त्याच कामास १६,००० लागू लागले. आणि पेन्शने हा विलायती देण्याचा एक भाग मात्र होता. कर्जावरील व रेल्वेच्या भांडवलावरील व्याज, सैन्याचा खर्च, खरेदीचे सामान हे सारे त्यात येई. या देण्यासाठी भारतमंत्री लंडनमध्ये कौन्सिल बिले, म्हणजे एका अर्थी हिंदुस्थानच्या तिजोरीवरील हुंड्या विकीत. व्यापारी तेथे पौंड भरीत आणि त्यांचे अडते येथे मुंबई, कलकत्ता किंवा मद्रासेस रुपये घेत. १८९२-९३ साली सुमारे १ कोटी ६५ लक्ष पौंड अशा रीतीने धाडण्यास २६ कोटी ४८ लक्ष रुपये पडले. १८७३-७४ च्या दराने तेच काम १७ कोटी ७५ लक्षांत झाले असते. पावणेनऊ कोटींचा हा फरक कोठून तरी यावयास हवा होता. १८८६ मध्ये प्राप्तीवरील कर आला, १८८८ मध्ये मिठावरील कर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. ब्रह्मदेशाच्या स्वारीचा खर्च हे त्याचे एक कारण होते. हुंडणावळीची तूट हे दुसरे. चेल्टनहॅमच्या दिवाणखान्यातील शेगडी आणि कोकणातील कुणब्याच्या भाकरीवरचे मीठ यांचा असा संबंध जडला होता, आणि दोघांपैकी एकासही त्याची जाणीव नव्हती.

येथे आणखी एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. १८७३ ते १८९६ या काळात इंग्लंडातील घाऊक किमती तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरल्या. म्हणजे चांदी घसरत होती हे जितके खरे, तितकेच सोने महागत होते हेही खरे. दुसऱ्या गृहस्थाचे नुकसान पौंडात दिसे तितके जिनसांत नव्हते, जरी घरभाडे व शाळेची फी किमतींच्या मागोमाग धावत नसत. उलट पहिल्याचे १००० पौंड दरसाल अधिक माल आणू लागले. सोने महागल्याचा लाभ त्यास, आणि त्याचा भार रयतेस, अशी ही वाटणी होती.

याउपर १८९३ साली नोकरीत असलेल्या युरोपियनांसाठी हुंडणावळीचा भत्ता निघाला: अर्धा पगार, १००० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने धरावयाचा आणि तूट सरकारने भरावयाची. दादाभाई नौरोजी पगार व पेन्शनांच्या रूपाने देशाबाहेर जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब कित्येक वर्षे मांडीत होतेच. १८९७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातील तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास लंडनला गेले, तेव्हा त्यांनीही परकी नोकरवर्गाचा जबर खर्च आणि त्यापायी एतद्देशीयांच्या कर्तृत्वाची होणारी कुचंबणा, या दोहोंवर बोट ठेविले. व्यक्तिशः कोणा पेन्शनराशी त्यांचे वैर नव्हते. ज्याच्या हाती ठरविण्याचा अधिकार आहे तो तोटा सोसत नाही, आणि जो तोटा सोसतो त्यास कोणी विचारीत नाही, हे त्यांचे दुखणे होते.

सरकारने शेवटी मुळावरच उपाय केला. हर्शेल समितीच्या अहवालानंतर २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद झाल्या. रुपये दुर्मीळ झाले, आणि १८९८ पर्यंत दर १ शिलिंग ४ पेन्सवर चढला. फौलर समितीच्या शिफारशीने १८९९ मध्ये पंधरा रुपयांस एक सॉव्हरिन हे प्रमाण कायद्यात आले. विलायतेत सुटकेचा निःश्वास पडला असेल. पण आमच्या खेड्यांतून बँक नव्हती. कुणब्याची बँक त्याच्या बायकोच्या पायांत असे. पूर्वी रुपयाभर वजनाची चांदी टांकसाळीच्या दाराने जवळजवळ रुपयाच होई. टांकसाळ मिटली आणि तोडे, वाळे, साखळ्या केवळ धातू उरल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्या बाजारात आल्या तेव्हा रुपयाच्या चांदीस लंडनच्या भावाने दहाएक आणेच येत होते. रुपया सावरला तो असा.

या साऱ्या प्रकरणाची शास्त्रीय चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ च्या ग्रंथात केली. हुंडणावळीचा दर स्थिर राखणे म्हणजे चलन स्थिर राखणे नव्हे, स्वदेशी बाजारात रुपया काय विकत घेतो ही खरी कसोटी, असा त्यांचा आग्रह होता. हा विचार सरकारी समित्यांच्या दृष्टीपेक्षा वेगळा पडला, कारण त्या लंडनकडे तोंड करून बसल्या होत्या आणि हा ग्रंथकार रुपयातच खर्च करणाऱ्यांकडे पाहत होता.

दराचे भविष्य वर्तविण्याची हाव किती फोल असते, हे १९२० साली पुन्हा दिसले. त्या फेब्रुवारीत रुपया अडीच शिलिंगांच्याही वर गेला. वर्षभराने तो १ शिलिंग ४ पेन्सच्या खाली होता. दोघा सारख्या पगाराच्या अधिकाऱ्यांपैकी एकाने पैसे तेव्हा धाडले आणि दुसऱ्याने वर्षभर धीर धरला, एवढ्यावरून त्यांच्या संचयात दुपटीचा फरक पडला. अकलेचा फरक असेलच असे नाही. आणि या कथेची अखेर १९४८ मध्ये झाली. त्या वर्षीच्या करारात स्वतंत्र भारताने आपल्या पौंडांच्या शिलकेतून १६ कोटी ८० लक्ष पौंड एकरकमी देऊन जुन्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनांची तजवीज केली. राज्य गेले, पण दिलेला शब्द पाळला गेला. आणि तो आमच्याच पैशांनी पाळला गेला.

आज प्रवाह उलटा वाहतो. निवृत्त मराठी आईबाप मुलांपाठोपाठ अमेरिकेस जातात, आणि इंग्लंडात आयुष्य काढलेले कोणी पुण्यास परततात. १९४७ साली डॉलरला सव्वातीन रुपयांच्या आसपास पडत. १९६६ च्या अवमूल्यनाने तो साडेसातावर गेला. आज ऐंशीच्याही पलीकडे आहे. परतणाऱ्यांसही एक खाच आहे: ब्रिटनचे सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्यास मिळते, पण त्यातील दरसालची वाढ मिळत नाही. यांच्यासाठी कोणतीही समिती बसणार नाही, आणि बसूही नये. त्यांनी निलगिरीत राहिलेल्या त्या जुन्या पेन्शनराकडून धडा घ्यावा: जे नाणे खर्चावयाचे त्यातच निदान चरितार्थापुरती मिळकत असावी, पैसे धाडावयाचे तर थोडथोडे, नेमाने धाडावे, दराची वाट पाहत बसू नये.

आणि एवढे ध्यानात असावे, की पेन्शन हा एक शब्द आहे, दिलेला शब्द. तो कोणत्या नाण्यात दिला हे घेणाऱ्याने विचारावे. तो पाळताना कोणाच्या पायांतील तोडे विकले जातात, हे देणाऱ्या सरकारने विचारावे. पहिला प्रश्न त्या काळी पुष्कळांनी विचारला. दुसरा विचारण्यासाठी एका तरुण प्राध्यापकास समुद्र ओलांडून जावे लागले.