प्रस्तावना: दुर्बिणीतून स्वादुपिंडापर्यंत

पित्ताशय दुर्बिणीतून काढतात, हे आता खेडोपाडीही ठाऊक आहे. स्वादुपिंडाची गोष्ट वेगळी. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर ते आडवे पसरलेले असते. आतड्यांचे रक्त यकृताकडे नेणारी मोठी शीर त्याच्या मानेमागून जाते. शस्त्रक्रियेनंतर त्याचा पाचकरस सांध्यातून गळू लागला, तर तो शेजारच्या रक्तवाहिन्याही पोखरतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने आधी ही गळती समजून घ्यावी.

न्यूयॉर्कचे अ‍ॅलन व्हिपल यांचे नाव १९३५ पासून ज्या शस्त्रक्रियेला चिकटले, तीत स्वादुपिंडाचे डोके, पक्वाशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात. पण काढून झाले म्हणजे काम निम्मेच झाले. उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला जोडायचे असते. स्वादुपिंडाची नलिका कधी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, ग्रंथी लोण्यासारखी मऊ. धागा जरा जास्त ओढला की टाका ती चिरत बाहेर येतो. मिशेल गान्ये आणि अल्फॉन्स पॉम्प यांनी १९९४ मध्ये हे दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध केले, तरी लांब, सरळ अवजारांनी असे टाके घालणे फार थोड्यांना जमले. मनगटासारखी वळणारी रोबोटची अवजारे इथेच उपयोगी पडतात. मात्र बहुतेक यंत्रांत धाग्याचा ताण हाताला जाणवत नाही. तो नजरेने ओळखायला शिकावे लागते.

कोइम्बतूरमध्ये पलानिवेलु यांच्या चमूने या शस्त्रक्रियेची ६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत पोट उघडून केलेल्या गटाचा रुग्णालयातला मुक्काम सर्वसाधारणपणे १३ दिवस होता, दुर्बिणीच्या गटाचा ७. पुढे नेदरलँड्समधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत, ९० दिवसांच्या आत गुंतागुंतीमुळे दुर्बिणीच्या गटातले ५० पैकी ५ रुग्ण दगावले, पोट उघडून केलेल्यांत ४९ पैकी १. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक सिद्ध झाला नाही, तरीही चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेत. कोइम्बतूरला वर्षानुवर्षांचा सराव असलेले हात होते. तसा सराव सगळीकडे नसतो.

सराव किती लागतो, ते पिट्सबर्गच्या अशाच २०० रोबोटिक शस्त्रक्रियांच्या अभ्यासात दिसते: रक्तस्राव २० शस्त्रक्रियांनंतर घटला, गळती ४० नंतर आणि लागणारा वेळ ८० नंतर. त्या पहिल्या चाळीसांत आपल्या घरचे माणूस असू शकते, हे शिकणाऱ्याने विसरू नये. म्हणून या ग्रंथात प्रशिक्षणाची प्रकरणे यंत्रांच्या वर्णनाआधी घेतली आहेत. स्वादुपिंडाच्या शेपटाकडची शस्त्रक्रिया त्यानंतर येते. तीत नवे सांधे जोडावे लागत नाहीत; सुरुवात तिथूनच करावी.