गावठाणातला फ्लॅट, पण जमीन कोणाची?

वांद्र्याच्या रणवार गावठाणात अरुंद गल्ल्या, क्रूस, पायी पोहोचता येतील अशी दुकाने. तेथल्याच चार-सहा घरांच्या छोट्या इमारतीत फ्लॅट घ्यावा, असे अनेकांना वाटते. पण मित्रहो, मुंबईत ‘फ्लॅटचा मालक’ ही कल्पना फार जुनी नाही.

१९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मालकी संस्थेची, सभासद तिचा भाडेकरू. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाड्याची घरे बांधण्यातला रस ओसरला आणि ‘ओनरशिप’ हा शब्द रुळला.

फसवणूकही वाढली. म्हणून १९६३ चा मोफा कायदा आला: नोंदणीकृत करार आणि जमिनीसह इमारतीचे संस्थेच्या नावे हस्तांतरण बिल्डरवर बंधनकारक. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याने तर फ्लॅटधारकालाच सामायिक जागेत अविभाज्य हिस्सा दिला. अमेरिकी ‘कॉन्डो’चे हे मराठी भावंड!

तरीही असंख्य बिल्डरांनी जमीन स्वतःकडेच ठेवली. अखेर २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. (शब्द भयंकर, पण उपयुक्त.) गावठाणात तर एकाच घराला अनेक वारस असतात. त्यामुळे गच्चीवरून दिसणाऱ्या दृश्याआधी मिळकत पत्रिकेवरची नावे वाचावीत.