नाव खोडायचा अधिकार

गुन्ह्याची नोंद पुसायची तर आधी गुन्हा घडलेला हवा, असं कोणीही म्हणेल. इंग्रज सरकारने 1871 साली जे रजिस्टर उघडलं, त्यात नाव चढायला मात्र जन्म पुरेसा होता.

ते रजिस्टर उघडणारा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. त्याच्यामागचा युक्तिवाद ऐकायला सरळ: या देशात धंदा जातीने ठरतो, मग चोरीचाही ठरत असणार. सरकारने एखादी जमात जाहीर केली की मॅजिस्ट्रेटने तिच्यातल्या माणसांची यादी करायची. त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देण्याची सोय नव्हती. मग हजेरी आली, गाव सोडायला पास आला. 1911 च्या कायद्याने हे सगळं मुंबई इलाख्यातही येऊ शकलं, शिवाय बोटांचे ठसे आले. 1924 च्या कायद्यानुसार तर मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवता येई. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. लोक तिला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची माणसं तिथून गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. चोर म्हणून कोंडलेल्यांच्या कष्टावर गिरण्या चालाव्यात, यात कोणाला विसंगती दिसली नसावी.

गंमत अशी की, नाव खोडायची तरतूदही याच कायद्यात होती. रजिस्टरातल्या नोंदीने आपल्यावर अन्याय झाला असं वाटणाऱ्याने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी, आणि त्याने ‘योग्य वाटेल त्याप्रमाणे’ नाव ठेवावं किंवा काढावं. म्हणजे ज्याच्या हाताने चढायचं, त्याच्याच मर्जीने उतरायचं. एकेकट्याची सुटका अशी मेहरबानी होऊन बसली. सगळ्यांची सुटका करायची तर कायदाच जायला हवा होता.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तीच शिफारस केली, आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा देशभरातून गेला. लाखो माणसांच्या कपाळावरचा शिक्का एका दिवसात कागदावरून पुसला गेला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन. पण त्याच समितीने सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा करायलाही सुचवलं होतं. मुंबई राज्यात तो 1959 साली आला. नव्या कायद्यात जमातीचं नाव नाही, वारंवार शिक्षा झालेला माणूस आहे. कागदावर हा फरक मोठाच. पोलीस ठाण्यात तो किती उतरला, हे चोरी झाली की आधी कोणत्या पालावर गाडी जाते त्यावरून कळतं. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनातलं जग कायदा गेल्यानंतरचं आहे, हे विसरून चालणार नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या रजिस्टरांतून जातीचा रकाना काढायला सांगितलं. तुरुंगांच्या नियमावल्यांत ‘सराईत’ या नावाखाली विमुक्त जमाती धरल्या जात, तेही थांबवलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात एखाद्यावर नजर ठेवण्यासाठीची हिस्ट्रीशीट उघडताना जात पाहू नका, असं पोलिसांना बजावलं. बालगुन्हेगाराची नोंद नष्ट करायची तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे. प्रौढांसाठी तसा सर्वसाधारण कायदा अजून नाही. पारध्याचं पोर सज्ञान झालं की ठाण्यातल्या कागदाबद्दल त्याने दाद मागायची ती पुन्हा पोलिसांच्याच वरिष्ठांकडे, नाहीतर वकील परवडला तर उच्च न्यायालयात.