पिंपरीचे पेनिसिलिन

औषध करण्याची विद्या ही कोणाची मालमत्ता? पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना या प्रश्नातून जन्मला, हे आज किती जणांना ठाऊक असेल?

ऑक्सफर्डच्या संशोधकांपैकी अर्न्स्ट चेन यांचा आग्रह होता की, पेनिसिलिनचे पेटंट घ्यावे. इंग्लंडातील ज्येष्ठांना ते अनीतीचे वाटले, आणि पेटंट घेतले गेले नाही. पुढे महायुद्धात अमेरिकी कारखान्यांनी मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून भरघोस उत्पादन काढण्याची कृती बसविली, आणि पेटंटे घेतली ती त्या कृतीची! शेवटी ही कृती वापरण्यासाठी इंग्रज कारखानदारांनाच अमेरिकेला पैसे मोजावे लागले. सज्जनपणाची ही किंमत जरा जास्तच झाली, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

आपल्याकडे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी यांचे म्हणणे निराळे होते. औषधाचा कारखाना सरकारचा असावा, आणि त्यातील ज्ञान उघडे असावे. ते पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेले. १९५१ साली ही संघटना आणि युनिसेफ यांच्याशी भारताचा करार झाला. युनिसेफने यंत्रे द्यावीत, संघटनेने तज्ज्ञ पाठवावेत, जागा व इमारती आपल्या. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती यामागची भूमिका : येथील ज्ञान गुप्त राहू नये, इतर देशांच्या तंत्रज्ञांनाही ते शिकता यावे. भिक्षा घेणारा आणि दाता होण्याची तयारी ठेवणारा, यांत फरक असतोच. त्याच सुमारास पूर्व युरोपला पेनिसिलिनची काही यंत्रे देण्यास अमेरिकेने मनाई केली होती, कारण ती सामरिक महत्त्वाची ठरविली गेली. आजाऱ्याच्या औषधातही शत्रुमित्र पाहिले जात होते!

१९५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली पेनिसिलिन निघू लागले. पण स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५८ साली मर्क या अमेरिकी कंपनीशी करार करावा लागला, आणि तेथे रॉयल्टी आली. क्षयाचे रोगी वाट पाहत असता तत्त्व धरून बसणे सोपे नव्हते, हेही खरे.

गंमत पुढेच आहे. पिंपरीच्याच प्रयोगशाळेत थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवर हॅमायसिन हे औषध शोधले. त्याचे पेटंट कारखान्याने घेतले, अमेरिकेतसुद्धा.