राखीव बाकावरचे बळ

क्रिकेटमधला बारावा गडी पाणी आणतो, क्षेत्ररक्षण करतो. फलंदाजी मात्र सामान्यतः त्याच्या वाट्याला येत नाही. बास्केटबॉलचा न्याय निराळा. तेथे बाकावरची खेळाडू केव्हाही आत येते, बाहेर जाते आणि पुन्हा आत येते. सामना 40 मिनिटांचा व मैदानावर पाच जणी. म्हणजे 200 मिनिटांचे श्रम वाटून द्यावयाचे. ते किती जणींत वाटावे, हे अमेरिकेतील महाविद्यालयीन विजेत्या महिला संघांच्या इतिहासाला विचारून पाहण्याचे आम्ही आज योजिले आहे.

तेथे पाच जणींच्या पूर्ण मैदानी खेळाचे नियम 1971 मध्ये रूढ झाले. तोवर सहा जणींचा खेळ असे आणि बहुतेकींच्या धावण्याला अर्ध्या मैदानाचे कुंपण असे. दमछाकीचा खरा प्रश्न त्यानंतरचा.

पुढच्याच वर्षी, 1972 च्या मार्चमध्ये, इलिनॉयमधील नॉर्मल या गावी पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पेनसिल्व्हेनियातील इम्माक्युलाटा या लहानशा कॅथलिक महाविद्यालयाच्या मुलींनी प्रवासखर्चासाठी टूथब्रश विकले, तरी पैसे पुरले ते आठ जणींनाच. बाकीच्या घरी राहिल्या. बाकावर उरल्या तिघी! विभागीय स्पर्धेत ज्या वेस्ट चेस्टरने त्यांना 70-38 असे लोळविले होते, त्याच संघाला त्यांनी अंतिम सामन्यात 52-48 असे हरविले. पुढची दोन वर्षेही विजेतेपद त्यांचेच. आठांत भागते, हा पहिला दाखला दारिद्र्याने दिला आहे, कोणा शिक्षकाच्या योजनेने नव्हे, हे आपण ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, पाच जणी असामान्य असल्या म्हणजे झाले. 2002 च्या कनेक्टिकट संघाकडे बोट दाखविता येईल. स्यू बर्ड, स्विन कॅश, अ‍ॅशा जोन्स, तमिका विल्यम्स आणि डायना टॉराझी या पाच जणींवर मुख्य भार, आणि 39 पैकी 39 सामने जिंकलेले. पण पाचही धडधाकट राहणे हे दैवाचे देणे आहे. याच कनेक्टिकटला जानेवारी 2023 मध्ये दुखापतींमुळे खेळण्याजोग्या सात शिष्यवृत्तीधारक मुली उभ्या करता आल्या नाहीत आणि एक सामना पुढे ढकलावा लागला.

नुसती गर्दीही उपयोगाची नाही. त्याच वर्षी साउथ कॅरोलिनाचा भरगच्च बाकाचा, तोवर अपराजित संघ उपांत्य सामन्यात आयोवाकडून 77-73 असा हरला. केटलिन क्लार्कने एकटीने 41 गुण केले, आणि आयोवाने साउथ कॅरोलिनाच्या मुलींना दुरून नेम धरण्यास खुशाल मोकळे सोडले. ज्यांचा नेम लागत नाही अशा दहा जणी असून काय उपयोग? अंतिम सामन्यात आयोवाला लुइझियाना स्टेटने 102-85 असे हरविले, त्यात बाकावरून उठलेल्या जॅस्मिन कार्सनने पूर्वार्धातच 21 गुण केले होते.

म्हणून आमचे मत असे, की विजेतेपदासाठी आठ जणी विश्वासाच्या हव्यात. नववी-दहावी ही सरावाची आणि दुखापतीच्या दिवसांची तजवीज. मात्र सहावी आणि सातवी या पहिल्या पाचांच्या तोडीच्या असाव्यात.

2024 चा अंतिम सामना पाहा. पुन्हा साउथ कॅरोलिना आणि आयोवा. पहिल्या दहा मिनिटांत क्लार्कचे 18 गुण. उरलेल्या तीस मिनिटांत अवघे 12. ताज्या दमाच्या मुली पाळीपाळीने येत राहिल्या. बाकावरून आलेल्यांचे गुण साउथ कॅरोलिनाचे 37, आयोवाचे शून्य. निकाल 87-75. विजेत्या संघात सर्वाधिक, 19, गुण केले ते टेसा जॉन्सन या पहिल्या वर्षाच्या मुलीने. आणि सामना सुरू झाला तेव्हा ती बाकावर बसली होती.