जात्यापाशी बोललेलं कुणी ऐकलं?

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या खेड्यात सासरी आलेल्या पोरीला मन मोकळं करायला जागा फार थोड्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, सासूला उलट उत्तर द्यायचं नाही. माहेरी पत्र धाडावं, तर अक्षरओळख नाही. पाणवठ्यावर बायका भेटत, पण तिथं एका तोंडाचं दहा कानांत जाई. राहता राहिलं पहाटेचं जातं.

दळण रोजचं असे, आणि त्याला कारण होतं. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडसर होतं, त्यामुळे आठवड्याचं एकदम दळून ठेवता येत नाही. उजाडायच्या आत घरातल्या माणसांपुरतं पीठ पडलंच पाहिजे. एका हातानं खुंटा धरायचा, दुसऱ्यानं मूठमूठ दाणे वैरायचे. जोडीला जाऊ, नणंद किंवा शेजीण समोर बसली तर ओढ हलकी व्हायची. मग एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं ती उचलायची. पहिल्या ओव्या देवाच्या. त्यानंतर आई, भाऊ, लेक, शेत, पंढरपूर, आणि पीठ वाढत जाईल तसं पोटातलं ओठावर.

ही रीत किती जुनी, याचा लेखी पुरावा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतर दीडशेएक वर्षांनी, 1290 मध्ये आली. म्हणजे तत्त्वज्ञानाचं ओझं वाहण्याआधी ओवीनं उखळापाशी बरीच उमेदवारी केलेली होती. गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. दळायला तिच्याजवळ माणूस नाही, म्हणून विठ्ठल येऊन खुंट्याला हात लावतो. चमत्कार बाजूला ठेवला, तर त्या कथेत एका राबणाऱ्या बाईची साधी मागणी दिसते: समोर कुणीतरी बसावं, ओढू लागावं आणि ऐकावं.

बोलता येत नाही ते गाता कसं येतं? त्यासाठी बायकांनी काही युक्त्या बसवल्या होत्या. मुलगा ‘राघू’, मुलगी ‘मैना’. नवऱ्याचा उल्लेख बहुधा आडून, हातातल्या चुड्याच्या किंवा कपाळावरच्या कुंकवाच्या आधारानं. सगळ्यात मोठा आडोसा सीतेचा. जात्यावरच्या ओव्यांतली सीता वाल्मीकींच्या सीतेहून निराळी आहे. तिला वनवासाआधी सासुरवास आहे आणि तो करणारी कैकेयी आहे. गरोदरपणी घराबाहेर काढलेल्या त्या बाईविषयी गावोगावच्या बायकांनी किती ओव्या रचल्या, याला मोजदाद नाही. सासू आत पडून ऐकत असली, तरी जाब कशाचा विचारणार? सून रामायण गात होती.

भावाच्या ओव्यांत लळा आहे तशी धारही आहे. भाऊ दिवाळीला न्यायला येतो, चोळी करतो, पण भावजय घरात आली की माहेरचा उंबरा उंच होतो, हे बायकांनी न लाजता म्हटलं आहे. आई आहे तोवर माहेर, हा हिशेब त्यांना पक्का माहीत होता. लेकीच्या जन्मावर मुलखाची माया आहे आणि ‘बाईचा जन्म नको’ असा त्रागाही आहे, कधी एकाच बाईच्या तोंडी, एकाच बैठकीत. वाचणाऱ्याला ही विसंगती वाटते. दळणाऱ्या बाईला ती तशी वाटण्याचं कारण नव्हतं. तिला भूमिका मांडायची नव्हती, तिला बोलायचं होतं.

जात्याभोवतीच्या आठवणींना आता गोड मुलामा चढला आहे, म्हणून एक गोष्ट इथंच सांगून टाकलेली बरी: दळण ही ढोरमेहनत होती. हाताला घट्टे पडत, बाळंतीण बाईचीही त्यातून फार दिवस सुटका होत नसे. आधी तेलाच्या इंजिनावरची आणि मग विजेवरची पिठाची गिरणी गावात आली, तेव्हा बायकांनी जातं भिंतीला लावलं ते आनंदानं. ते योग्यच झालं. त्या कष्टाबरोबर बोलण्याची एक हक्काची वेळही गेली, एवढंच.

ओव्या कागदावर उतरल्या त्या ऐकणाऱ्यांमुळे, आणि कोण ऐकतं आहे यावर काय उतरायचं ते ठरलं. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून 1940च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलं. गुरुजींचा पिंड आईवेडा, त्यामुळे त्या संग्रहात वात्सल्य, भावाबहिणीची माया आणि व्रतवैकल्यं भरभरून भेटतात. जळजळीत ओव्या त्या मानानं मागे राहतात. पुढं डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडामागून खंड काढले, दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शिस्त लावली, इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ संकलित केली. मालन म्हणजे ओवी गाणारी कुणीही बाई. हे नाव सुंदर आहे, पण त्यातून हेही कळतं की गाणारीचं स्वतःचं नाव फार थोड्या वेळा टिपलं गेलं होतं.

नाव राहिलं ते बहिणाबाई चौधरींचं. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई घरात-शेतात काम करताना गाणी रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते, म्हणून ती गाणी टिपली गेली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. घरात कवी मुलगा नसता, तर? महाराष्ट्रात आणखी किती बहिणाबाई होत्या, हा प्रश्न या एका योगायोगामुळे टोचत राहतो.

त्या प्रश्नाला सर्वांत चिकाटीनं हात घातला तो पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटविन यांनी. मुळशीच्या डोंगराळ भागातल्या गरीब कष्टकऱ्यांच्या संघटनेत काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की बैठकीत गप्प बसणाऱ्या बायका ओवी म्हणताना गप्प नसतात. 1980च्या दशकात सुरू झालेलं त्यांचं संकलन वाढत वाढत लाखाच्या पुढं गेलं. त्यांनी ओव्या आशयानुसार लावल्या: आई-मुलगी, सासू-सून, सवत, वांझपण, दारू, मारहाण. संगणकतज्ज्ञ आणि संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल पुढं या कामात आले आणि हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. तोवर गिरणी सगळीकडे पोचली होती. गायला बसलेल्या बायका ओव्या आठवून म्हणत होत्या.

या संग्रहातला एक भाग आधीच्या पुस्तकांत जवळपास दिसत नाही, तो म्हणजे दलित बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या. ज्या चालीत विठ्ठल आणि भाऊ येत होते, त्याच चालीत भीमराव आले. त्यात अभिमान आहे आणि त्यांच्या निधनाचा घरच्या माणसासाठी करावा तसा शोक आहे. पांढरपेशा संकलकाला या ओव्या ऐकू यायच्या, तर त्याला त्या वस्तीत जाऊन बसावं लागलं असतं. राईरकर आणि पॉइटविन तिथं बसले, हा त्यांच्या कामातला मला दिसणारा सर्वांत मोठा गुण.

पॉइटविन 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर हा ठेवा ध्वनिमुद्रणासह प्रसिद्ध होऊ लागला. तिथं ओवीखाली गाणारीचं नाव असतं, गाव आणि तालुका असतो, मुलं किती, व्यवसाय कोणता हेही असतं. अनेक गावांत पुन्हा जाऊन त्या बायकांची छायाचित्रं घेतली गेली. काही भेटल्या, काही तोवर वारल्या होत्या. ज्यांच्या घरी ओव्या येणारी आजी अजून आहे, त्यांनी तिच्याजवळ मोबाइल सुरू करून बसावं, देवाच्या ओव्या झाल्यावर उठू नये, आणि नोंद करताना तिचं माहेरचं नावही लिहावं.